हिंडिओडस शोधताना: चुनखडकाच्या ढेकळापासून स्लाइडवरच्या नोंदीपर्यंत

खसखशीचा एक दाणा तळहातावर घेऊन बघा. त्याच्या निम्म्याएवढा, करवतीच्या तुटक्या पात्यासारखा एक तुकडा आपल्याला किलोभर दगडातून शोधून काढायचा आहे. तुटू द्यायचा नाही, हरवू द्यायचा नाही, आणि तो दगडाच्या नेमक्या कुठल्या थरातून आला हे शेवटपर्यंत विसरायचं नाही. तिसरी गोष्ट सगळ्यात सोपी वाटते आणि तिथेच बहुतेकांचा घोळ होतो. माझाही झाला होता, त्याचं पुढे सांगतो.

हिंडिओडस ही कोनोडाँट या समुद्री प्राण्यांच्या गटातली नामशेष प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा समूह, आणि आपला तुकडा तिच्या तोंडातला. भूविज्ञान शिकणाऱ्या, प्रयोगशाळेत पहिल्यांदाच ॲसिडची बादली भरणाऱ्या मुलामुलींसाठी हा लेख लिहितोय. घरच्या गच्चीवर करून बघणारे हौशी लोकही असतात. त्यांच्यासाठी कुठे थांबायचं तेही सांगतो.

आधी ओळख करून घ्या

१८५६ मध्ये ख्रिस्तियन हाइनरिख पांडर यांनी बाल्टिक भागातल्या खडकांमधून काढलेल्या बारीक दातेरी तुकड्यांचं वर्णन केलं. हे माशांचे दात असावेत असं त्यांना वाटलं. त्यानंतर सव्वाशे वर्षं हे तुकडे नेमके कोणाचे यावर वाद चालू राहिला. अळी, गोगलगाय, वनस्पती, सगळे तर्क करून झाले. अखेर स्कॉटलंडमध्ये एडिनबरोजवळच्या ग्रँटनच्या थरातला, संग्रहात पडून राहिलेला एक ठसा नजरेला आला आणि १९८३ मध्ये ब्रिग्ज, क्लार्कसन आणि ऑल्ड्रिज या तिघांनी त्याचं वर्णन छापलं. सुमारे चार सेंटिमीटर लांबीचं, वामासारखं लांबुडकं जनावर. मोठे डोळे, पाठीतून गेलेला दोरीसारखा कणा, इंग्रजी व्ही अक्षरासारखे स्नायूंचे पट्टे, आणि डोक्याशी ते दातेरी तुकडे. म्हणजे आपण काढणार आहोत ते या जनावराच्या तोंडातल्या सापळ्याचे सुटे भाग. मऊ शरीर जवळजवळ कधीच टिकत नाही, हे तुकडे मात्र टिकतात, कारण ते कॅल्शियम फॉस्फेटचे असतात. खालची सगळी पद्धत या एका वाक्यावर उभी आहे: चुनखडक कार्बोनेटचा, कोनोडाँट फॉस्फेटचा, आणि सौम्य आम्ल पहिल्याला विरघळवतं, दुसऱ्याला सोडून देतं.

प्रजातीला नाव मिळालं ते जॉर्ज जेनिंग्ज हिंड या इंग्रज अभ्यासकावरून. रेक्सरोड आणि फर्निश यांनी १९६४ मध्ये ते दिलं. कार्बोनिफेरस, पर्मियन आणि ट्रायासिक हे पृथ्वीच्या इतिहासातले एकामागून एक आलेले कालखंड. कार्बोनिफेरसच्या सुरुवातीच्या काळापासून ट्रायासिकच्या सुरुवातीपर्यंत हिंडिओडस सापडतो. पण त्याला प्रसिद्धी मिळाली ती हिंडिओडस पार्व्हस या एका जातीमुळे. कोझूर आणि प्याताकोव्हा यांनी १९७६ मध्ये तिचं वर्णन केलं. आज ट्रायासिक कालखंडाचा तळ या जातीच्या पहिल्या दर्शनावरून ठरवतात. संदर्भजागा चीनमधल्या चच्यांग प्रांतातलं मेशान. तिला २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

मेशानचे आकडे लक्षात ठेवा, कारण नमुना कसा घ्यायचा ते त्यांच्यातच आहे. तिथला थर क्रमांक २७ सगळा मिळून १६ सेंटिमीटर जाडीचा. त्याचे क, ख, ग, घ असे चार-चार सेंटिमीटरचे चार भाग पाडलेत म्हणू या. पार्व्हस पहिल्यांदा दिसतो तो तिसऱ्या भागाच्या तळाशी. पर्मियन संपून ट्रायासिक सुरू होतो तो तिथे, सुमारे २५ कोटी १९ लाख वर्षांपूर्वी. सागरी जातींपैकी ऐंशी टक्क्यांच्या आसपास जाती नष्ट करणारा महाविनाश मात्र याच्या जरा आधी, थर २५ पाशीच सुरू झालेला दिसतो. मधलं अंतर वीतभर. आता विचार करा, या जागेवर कोणी अख्खा १६ सेंटिमीटरचा थर एकाच पिशवीत भरून आणला, तर त्याला पार्व्हस मिळेल, पण सीमा कधीच मिळणार नाही.

दगड निवडणं: आपल्याकडचे बहुतेक दगड आधीच बाद

महाराष्ट्रातले वाचक पहिला प्रश्न विचारतात, आमच्याकडे मिळेल का? नाही. कारणं मात्र समजून घेण्यासारखी आहेत.

सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे लाव्हा, शिवाय तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. कोनोडाँट ट्रायासिकच्या शेवटी, सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वीच संपले होते. कोकणातला जांभा तर या लाव्ह्याची आणि इतर जुन्या खडकांची झीज होऊन बनलेला. गोव्यातले मूळ खडक कोनोडाँटांच्याही फार आधीचे.

घराघरात असलेली शहाबादी फरशी? चुनखडकच आहे, ॲसिड टाकलं की फसफसतोही. पण भीमा खोऱ्यातला हा चुनखडक कोनोडाँट जन्माला येण्याआधीच समुद्रतळावर साचला. कोटा फरशीचं तेच. दर एक-दोन वर्षांनी कोणीतरी उत्साहाने फरशीचा तुकडा विरघळवून मला गाळाचा फोटो पाठवतं. मेहनत वाया जाते असं मी म्हणणार नाही, हात बसतो. पण त्यात दात शोधत रात्री जागू नका.

सगळ्यात फसवा खडक नागपूरजवळचा. कामठीचे वालुकाश्म पर्मियन ते ट्रायासिक काळातले, म्हणजे वय अगदी हवं तेच. पण ते नद्यांनी आणलेल्या वाळूचे. कोनोडाँट समुद्रात राहायचे. वय बरोबर, पत्ता चूक.

भारतात खरी ठिकाणं हिमालयात आहेत. श्रीनगरजवळ खुनमोहची गुर्युल घळ, आणि हिमाचलात स्पितीतल्या पिन खोऱ्यातलं मुद गाव आणि आसपासचे कडे. पर्मियन-ट्रायासिक सीमेची जागतिक संदर्भजागा ठरवताना गुर्युल घळ चार उमेदवारांपैकी एक होती. तिथल्या हिंडिओडसवर तेत्सुओ मात्सुदा यांचं १९८१ मधलं काम आजही उघडून बघावं लागतं. हिमालयात पूर्वी ही सीमा ओटोसेरस या शंखधारी प्राण्यावरून ओळखायचे. पण ओटोसेरस सगळ्या समुद्रांत नव्हता. हिंडिओडस उथळ पाण्यातही सापडतो आणि खोल पाण्यातल्या गाळातही, म्हणून मान त्याच्याकडे गेला.

या दोन्ही जागी हातोडी घेऊन परस्पर जाऊ नका. संदर्भाचा कडा एकदा फोडला की गेला. परवानगी, मार्गदर्शक आणि संस्थेचं पत्र, तिन्ही हवीत. विद्यार्थ्यासाठी चांगला मार्ग म्हणजे आधीच गोळा करून ठेवलेल्या, नोंद असलेल्या नमुन्यातला थोडा भाग मागून घेणं. बरेच अभ्यासक देतात.

निवडायला मिळालं तर बारीक कणांचा, करडा, पातळ थरांचा चुनखडक घ्या. डोलोमाइट, म्हणजे मॅग्नेशियमवाला कार्बोनेट खडक असेल तर ॲसिटिक ॲसिडने काम फार रेंगाळतं. गारगोटीच्या गाठी असतील तर त्या तशाच उरतात आणि आतलं काही बाहेर येत नाही.

नमुना घेणं आणि चिठ्ठी लिहिणं

काम खालच्या थरापासून वर करत जा. वरून सुरुवात केली तर वरचा चुरा खालच्या थरांवर पडतो आणि तरुण थरातला दात म्हाताऱ्या थरात सापडतो. प्रत्येक तुकड्याच्या वरच्या बाजूला बाण काढा. थराचा क्रमांक, तळापासून किती ते किती सेंटिमीटर, दिनांक, वजन हे सगळं जागेवरच लिहा. मुक्कामी गेल्यावर लिहू म्हणाल तर तीन तुकडे सारखेच दिसायला लागतात. सीमेजवळ जमेल तितके बारीक भाग पाडा. दूरच्या थरांत वीसवीस सेंटिमीटरनेही चालतं. एका नमुन्याला एक ते पाच किलो दगड लागतो.

प्रत्येक नमुन्यातला दीडदोनशे ग्रॅमचा तुकडा बाजूला काढून ठेवा. त्याला ॲसिड दाखवायचं नाही. पुढे कोणी शंका घेतली तर पातळ काप करून बघायला तोच उपयोगी पडतो.

आता माझी गोष्ट. एम.एस्सी.ला असताना एका ज्येष्ठ सहकाऱ्याने स्पितीतल्या चुनखडकाचे चार तुकडे दिले, चार वेगवेगळ्या पातळ्यांवरचे. मी चार बादल्या भरल्या आणि प्रत्येकीत बॉलपेनने लिहिलेली कागदी चिठ्ठी टाकली. आठवड्याने चिठ्ठ्या पांढऱ्या झाल्या होत्या. बादल्यांवर बाहेरून चिकटवलेल्या पट्ट्या ओघळून दोन जमिनीवर पडल्या होत्या. दोन नमुने टाकावे लागले. दगड गेला नव्हता, गाळ चांगला होता, त्यात दातसुद्धा असतील. पण थर माहीत नसलेला दात कोणत्या कामाचा?

म्हणून: चिठ्ठी पेन्सिलने लिहायची, ती जाड प्लास्टिकच्या खरखरीत पट्टीवर. एक बादलीत, एक बादलीच्या कडीला बांधलेली. वहीत तिसरी नोंद. गाळ जिथे जाईल तिथे आतली पट्टी त्याच्याबरोबर जाते: बादली, चाळण, वाळवण्याचा कागद, डबी.

फोडणं आणि विरघळवणं

दगड सुपारीएवढा ते लिंबाएवढा फोडा. पूड करू नका, दातांचीही पूड होते. एका नमुन्यानंतर हातोडी, ऐरण आणि पाटा घासून धुवा.

आम्ल कुठलं? ॲसिटिक किंवा फॉर्मिक, साधारण दहा टक्के. हायड्रोक्लोरिक अजिबात नाही. ते फॉस्फेटही खातं, म्हणजे दगडाबरोबर आपलाच माल जातो. दुकानात संडास साफ करायला जे ॲसिड मिळतं ते हेच, त्याच्या वाटेला जाऊ नका. नवशिक्याने ॲसिटिक घ्यावं. फॉर्मिक वेगाने काम करतं, डोलोमाइटही विरघळवतं, पण कातडी आणि डोळ्यांना फार वाईट.

ग्लेशियल, म्हणजे जवळजवळ शुद्ध ॲसिटिक ॲसिड एक लिटर, पाणी नऊ लिटर. आधी पाणी, मग ॲसिड, हळूहळू. हातमोजे, चष्मा, एप्रन, आणि खेळती हवा. हे ॲसिड साडेसोळा अंशांच्या आसपास गोठतं, त्यामुळे पुण्यात डिसेंबरच्या सकाळी बाटलीत बर्फासारखा गोळा दिसला तर घाबरू नका. गॅसवर मात्र तापवू नका, त्याची वाफ पेट घेते. बाटली कोमट पाण्याच्या टोपात उभी करा.

किती ॲसिड लागेल याचा हिशोब आधीच करा. शंभर ग्रॅम शुद्ध चुनखडकाला १२० ग्रॅम ॲसिटिक ॲसिड लागतं. म्हणजे किलोला १.२ किलो, दहा टक्क्यांच्या द्रावणात बारा लिटर. हा कागदावरचा हिशोब. शेवटी शेवटी द्रावण मंदावतं, म्हणून पंधरा ते वीस लिटर धरा आणि दोन-तीन वेळा बदला. घरातलं चार टक्क्यांचं व्हिनेगर वापरायचं तर तेवढ्याच दगडाला तीस लिटर. म्हणून गच्चीवरच्या हौशी मंडळींनी पन्नास ग्रॅमच्या तुकड्यावर समाधान मानावं. दोन लिटर व्हिनेगरमध्ये भागतं, पद्धत कळते, शेजारीही तक्रार करत नाहीत.

दगड थेट बादलीच्या तळाशी ठेवू नका. प्लास्टिकच्या जाळीच्या टोपलीत ठेवून ती द्रावणात बुडती टांगा. गाळ खाली पडतो, दगडाला ताजं द्रावण मिळत राहतं. झाकण सैल. किलोभर दगड विरघळला की सुमारे ४४० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, खोलीच्या तापमानाला दोनशे चाळीस लिटरच्या आसपास. घट्ट झाकलं तर झाकण उडेल, आणि बंद खोलीत बसलात तर डोकं जड होईल.

इथे एक बारकावा आहे. सौम्य आम्ल फॉस्फेटला सोडून देतं असं मी वर म्हटलं, पण ते अर्धसत्य. द्रावणात आधीच विरघळलेलं कॅल्शियम असेल तरच ते सोडून देतं. कोऱ्या ॲसिडमध्ये दातांचा पृष्ठभाग कुरतडला जातो, चकाकी जाते, बारीक टोकं झिजतात. स्वीडनमधल्या लुंडचे लेनार्ट येप्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये यावर उपाय लिहून ठेवला. सोप्या भाषेत तो विरजणासारखा आहे: मागच्या खेपेचं वापरलेलं, गाळलेलं द्रावण थोडं राखून ठेवायचं आणि नव्यात सुमारे एक तृतीयांश मिसळायचं. पहिल्याच खेपेला विरजण नसेल तर खडूची शुद्ध पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आधी थोडी विरघळवून घ्या. फळ्यावर लिहायचा खडू नव्हे, तो बहुतेकदा जिप्समचा असतो.

धोका सगळ्यात जास्त कधी? दगड संपला आणि ॲसिड उरलं तेव्हा. फसफस थांबली की त्याच दिवशी गाळ काढा. सुट्टीवर जाताना ताज्या ॲसिडची बादली भरून जाण्याची सवय मी बऱ्याच जणांत बघितली आहे.

चाळणं

दोन चाळण्या: वर एक मिलिमीटरची, खाली ०.०६३ मिलिमीटरची. गाळ हलक्या पाण्याच्या धारेखाली, न रगडता. चिकणमाती खालून निघून जाते, वर उरलेले खडे परत ॲसिडमध्ये जातात, मधलं ते आपलं. बोटाने दाबायचा मोह होईल, आवरा. अल्ट्रासाउंडच्या टबात टाकून स्वच्छ करायचा सल्ला कोणी दिला तर नम्रपणे नाही म्हणा, लांब बारीक दंतिका त्यात तुटतात.

दोन नमुन्यांमध्ये चाळणी मेथिलीन ब्लूच्या द्रावणात बुडवून धुवा. जाळीत अडकलेला मागच्या नमुन्याचा कण निळा पडतो आणि पुढच्या नमुन्यात दिसला तर लगेच ओळखू येतो. बेताच्या खर्चात मनाला मोठी शांतता.

गाळ गाळणकागदावर सावलीत वाळवा, किंवा ओव्हनमध्ये पन्नास अंशांच्या आत. जास्त तापवलंत तर पुढे रंग बघायचा आहे त्यात गोंधळ होईल.

जड द्रव: हवा असेल तरच

गाळ चमचाभर असेल तर ही पायरी सोडा आणि थेट मायक्रोस्कोपखाली बसा. वाटीभर असेल तर मात्र घनतेने वेगळं करणं परवडतं. गारेची घनता २.६५, कॅल्साइटची २.७१, कोनोडाँटची साधारण २.८४ ते ३.१. मध्ये २.७५ ते २.८ घनतेचा द्रव ठेवला की गार तरंगते आणि दात बुडतात. डोलोमाइट, लोहयुक्त कण आणि पायराइटही बुडतात, त्यामुळे सगळं एकदम सुटत नाही.

यासाठी सोडियम पॉलिटंगस्टेट वापरा. ब्रोमोफॉर्म जुन्या पुस्तकांत असतो, तो विषारी आहे. वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाची (फ्यूम हूडची) सोय नसेल तर विचारही करू नका. पॉलिटंगस्टेट पाण्यात विरघळतं, त्रास कमी, पण महाग आणि नखरेल. गाळात कॅल्शियमचे अंश राहिले तर पांढरा साका तयार होतो, म्हणून गाळ आधी ऊर्ध्वपातित पाण्याने तीन-चार वेळा धुवा आणि पुढेही नळाचं पाणी वापरू नका. धातूचा चमचा लागला तर द्रव निळा पडतो. काच आणि प्लास्टिक, बाकी काही नाही. काम झाल्यावर धुतलेलं पाणी गाळून, सावकाश आटवून द्रव परत मिळवा.

वेचणं

काळ्या रंगाचं, चौकोन आखलेलं ताट, त्यावर गाळ एका कणाच्या जाडीने पसरलेला. दुहेरी नळीचा मायक्रोस्कोप, २० ते ६० पट. तीन शून्य क्रमांकाचा ब्रश, टोक जरासं ओलं. दात ब्रशला चिकटतो, स्लाइडवर टेकवला की सुटतो. स्लाइडच्या खाचेत आधी ट्रॅगाकँथ डिंकाचा पातळ हात फिरवून वाळवून ठेवा, म्हणजे ओलसर ब्रश लागला की दात तिथेच बसेल आणि पुढे पाणी लावून सोडवताही येईल.

ताटातल्या चौकोनांवरून शेतात नांगर फिरवल्यासारखे जा, एक ओळ डावीकडून, पुढची उजवीकडून. सलग चाळीस मिनिटांपेक्षा जास्त बसू नका. त्यानंतर डोळे उघडे असतात, पण दिसत नाही. माझ्या अनुभवात पहिल्या दिवशी कोणालाच काही सापडत नाही, आणि पहिला दात दिसल्यावर आधीच बघितलेल्या ताटात आणखी चार निघतात. डोळ्याला आकार कळायला एक दात बघावाच लागतो. म्हणून सुरुवातीला कोणाच्या तरी तयार स्लाइडवर अर्धा तास नुसते बघत बसा. फॉस्फेटची चमक मेणचट, किंचित तुपकट असते. गारेची काचेसारखी.

हा हिंडिओडस आहे का?

इथे घाई करू नका. एका जनावराच्या तोंडात वेगवेगळ्या आकाराचे तुकडे असतात. पुष्कळ कोनोडाँटांत मिळून १५. समोरचे काटेरी, फांद्यांसारखे तुकडे अन्न पकडायला, मागचे जाड पात्यासारखे तुकडे चिरडायला. पकडणाऱ्यांना एस आणि एम, मागच्यांना पी१ आणि पी२ म्हणतात. एस तुकडे बऱ्याच प्रजातींत सारखे दिसतात. जात ओळखायची ती पी१ वरून. एकेकाळी प्रत्येक आकाराला वेगळं नाव दिलं जायचं, त्यामुळे जुने निबंध वाचताना सावध. काश्मीर आणि पाकिस्तानातल्या सॉल्ट रेंज डोंगरांवरच्या १९७० च्या आसपासच्या लिखाणात हिंडिओडसचा पी१ तुम्हाला अँकिग्नॅथोडस या नावाने भेटेल.

पी१ आडवा ठेवा, दातेरी कडा वर. एका टोकाला सगळ्यात मोठा सुळा, त्यामागे एका रांगेत लहान दंतिका. खाली उलटून बघितलंत तर तळाशी पसरट, थेंबाच्या आकाराचा खळगा, पात्याच्या खाली वाटीसारखा रुंदावलेला. मोठा सुळा टोकाला, एकच रांग, रुंद खळगा: हे तिन्ही जुळले तर हिंडिओडस म्हणायला हरकत नाही.

आता जात. पार्व्हसमध्ये टोकाचा सुळा शेजारच्या दंतिकांच्या साधारण दुप्पट किंवा त्याहून उंच, आणि रुंदही. मागच्या दंतिका बऱ्यापैकी एका उंचीच्या, आणि शेवटी पातं एकदम खाली उतरतं. हिंडिओडस टिपिकॅलिस या दुसऱ्या जातीत सुळा इतका वरचढ नसतो, आणि दंतिका मागे मागे उतरत जातात, जिन्यासारख्या. आकाराने पार्व्हस लहान, नावही त्यावरूनच. पण लहान म्हणजे पार्व्हस असं उलटं समीकरण करू नका. टिपिकॅलिसची पिल्लंही लहान असतात. चारपाच दंतिकांच्या पिल्लावरून जात ठरवायला जाऊ नये, आणि सुळा तुटलेल्या तुकड्यावरून तर कधीच नाही.

खळग्याच्या वाटीवर बाजूलाही दंतिका उगवलेली दिसली तर तो हिंडिओडस नाही, त्याचा जवळचा वारस इसार्सिसेला. तो पार्व्हसच्या जरा वरच्या थरांत भेटतो, म्हणून दिसला तर वाईट वाटून घेऊ नका: तुम्ही सीमा ओलांडून ट्रायासिकमध्ये आला आहात. आणि दातेरी कण्याच्या दोन्ही बाजूंना पानासारखे सपाट पंख असतील तर तो क्लार्किना, ही वेगळीच कोनोडाँट प्रजाती. सीमेजवळच्या नमुन्यांत तो हिंडिओडससोबत नेहमी दिसतो, पण वरून बघितल्यावर गफलत होऊ शकत नाही.

खात्री करायची असेल तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तिन्ही बाजूंनी चित्रं घ्या. पण त्यासाठी दातावर सोन्याचा थर बसवतात, आणि मग मूळ रंग दिसत नाही. म्हणून रंगाची नोंद आधी.

रंग: दगड किती तापला होता

कोनोडाँटमध्ये थोडं सेंद्रिय द्रव्य असतं. खडक खोल गाडला गेला, तापला, की ते करपतं. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या अनिता एपस्टाइन, जॅक एपस्टाइन आणि लेनर्ड हॅरिस यांनी १९७७ मध्ये या करपण्याची मोजपट्टी केली. तुपासारखा फिकट पिवळा म्हणजे १, खडक ८० अंशांच्या वर गेलेला नाही. गुळासारखा तपकिरी २, साधारण ६० ते १४० अंश. काळपट तपकिरी ३, ११० ते २००. ४ जवळजवळ काळा, १९० ते ३००. ५ पूर्ण काळा, ३०० च्या वर. त्याहून तापला तर रंग उलट करडा, पांढरा आणि शेवटी पारदर्शक होत जातो. तेल शोधणाऱ्यांना हा आकडा फार आवडतो, कारण खडकात तेल टिकलं असेल की जळून गेलं असेल याचा अंदाज त्यावरून येतो. रंग नेहमी पातळ कडेवर बघा, जाड भाग उगाच गडद दिसतो. हिमालयातले दात काळे निघाले तर नमुना खराब झाला असं समजू नका.

नोंद आणि उरलेला पसारा

स्लाइडवर: जागा, थर, तळापासून सेंटिमीटर, विरघळवलेलं वजन, चाळणीचं माप, वेचणाऱ्याचं नाव. वहीत: अख्खे पी१ किती, तुटके किती, इतर तुकडे किती, रंगाचा आकडा. काही सापडलं नाही तर शून्य लिहा, रकाना रिकामा सोडू नका. एका थरात पार्व्हस नाही आणि त्या थरात कोणी शोधलाच नाही, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. किती किलोत नाही हेही लिहा; अर्ध्या किलोतला शून्य आणि पाच किलोतला शून्य सारखे नसतात. वेचून झालेला गाळ फेकू नका, डबीत पट्टीसकट ठेवा.

वापरलेलं ॲसिड खाण्याचा सोडा घालून फसफस थांबेपर्यंत शांत करा, संस्थेच्या नियमाप्रमाणेच टाका. एक कॅन विरजणासाठी राखून ठेवा.

बाहेरची पट्टी टिकलेल्या माझ्या त्या दोन बादल्यांपैकी एकीत शेवटी दोन पी१ निघाले. एक पिल्लू होतं. दुसऱ्याचा सुळा दिसत होता, चांगला उंच होता, आणि स्लाइडवर सरळ बसवताना माझ्याच ब्रशखाली कट्कन तुटून ताटात कुठेतरी गेला. दोन संध्याकाळी शोधला. स्लाइडवर आजही लिहिलेलं आहे: हिंडिओडस, जाती अनिश्चित.